त्रासाचे माप : एका इंग्रजी क्रियापदाचे उर्दू सोयरे



इंग्रजी माध्यमाच्या शाळांतील मुले जी क्रियापदे पाठ करतात, त्यांत ‘ॲनॉय’ हे एक असते. अर्थाच्या रकान्यात ‘त्रास देणे’ असे लिहिले जाते, वहीवर बरोबरची खूण होते आणि पाठ पुढच्या शब्दाकडे सरकतो. शब्द सोपा वाटतो, म्हणूनच तो अर्धवट शिकला जातो. कारण मराठीतला ‘त्रास’ हे फार मोठे पोते आहे. कानाशी गुणगुणणारा डास त्रास देतो, मंगल कार्यालयातला कर्णा त्रास देतो, गुडघा त्रास देतो, उधारी थकवणारे गिऱ्हाईक त्रास देते आणि सुनेचा छळ करणारे सासरही ‘त्रास’च देते. संस्कृतात ‘त्रास’ म्हणजे भय. मराठीत येता येता त्याचा अर्थ पसरत गेला आणि डासापासून छळापर्यंत सर्व काही त्यात मावू लागले. इतक्या निरनिराळ्या वजनांचा माल एकाच पोत्यात भरला, तर तराजूने तरी काय सांगावे?

या लेखात ‘ॲनॉय’ हे एकच क्रियापद घेऊन त्याचे उर्दू पर्याय तपासावेत, असा विचार आहे. इंग्रजी शब्द शिकण्यासाठी उर्दूचा आधार कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या दुकानाच्या वह्यांतच आहे.

वऱ्हाड प्रांत १७२४ पासून निजामाच्या सत्तेखाली गेला आणि १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे आला. आपला जिल्हा पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले. राज्ये बदलली, जिल्ह्याचे नाव बदलले, पण बाजाराची आणि कचेरीची शब्दसंपत्ती तशीच राहिली. कर्ज, जामीन, जमा, बाकी, वसूल, हिशेब, नफा, तगादा हे सारे शब्द मूळचे अरबी. फारसीच्या वाटेने ते मराठीत आले आणि घरचे झाले. पाडव्याला वहीपूजन करताना आपण जे शब्द लिहितो, त्यांतले निम्मे तरी उर्दू जाणणाऱ्या माणसाला न सांगता समजतील. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) अशा शब्दांपुढे ते फारसी की अरबी, याची खूण केलेली आढळते. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी १९२५ मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ प्रसिद्ध केला, तोही ही देवघेव किती खोलवर गेली आहे याची साक्ष देतो.

आणि यवतमाळकरांना हे वेगळे सांगायला नको. भाऊसाहेब पाटणकर (१९०८-१९९७) हे याच गावचे वकील. उर्दू शायरीचा थाट त्यांनी मराठीत आणला, श्रोत्यांना ‘दोस्तहो’ अशी साद घातली आणि महाराष्ट्रभर मैफली जिंकल्या. मराठी माणूस उर्दूच्या घाटात किती सहज बोलू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. तेव्हा उर्दूला परकी समजण्याचे आपल्याला तरी कारण नाही.

आता मूळ शब्दाकडे वळू. ‘ॲनॉय’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधले ‘इन ओडिओ’ हे शब्द आहेत. ‘मला ते तिटकाऱ्याचे आहे’ अशा अर्थाच्या वाक्यातले ते दोन शब्द. त्याच मुळापासून फ्रेंचमध्ये ‘आँन्वी’ हा शब्द झाला, त्याचा अर्थ कंटाळा. म्हणजे चीड आणि कंटाळा ही एकाच घराण्यातली भावंडे. उन्हाळी सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यात घरातली मुले एकमेकांच्या खोड्या का काढू लागतात, याचा उलगडा यात काही अंशी सापडतो.

मुळात तिटकाऱ्याइतका तीव्र असलेला हा शब्द आजच्या इंग्रजीत मात्र सौम्य झाला आहे. कोशात त्याचा अर्थ पाहिला, तर ‘थोडासा राग आणणे’ असा मिळतो. यातला ‘थोडासा’ हा शब्द अधोरेखित करून ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

व्याकरणाची एक अडचण आपल्याकडच्या पुष्कळ मुलांना, आणि मुलाखतीला जाणाऱ्या तरुणांनाही, अडवते. मराठीत राग ‘येतो’, कंटाळा ‘येतो’, चीड ‘येते’. माणूस चतुर्थीत बसून राहतो आणि भावना पाहुण्यासारखी त्याच्याकडे येते. इंग्रजीत माणूस स्वतः कर्त्याच्या जागी येतो आणि क्रियापदाचे रूप बदलते. म्हणून ‘मला चीड आली आहे’ यासाठी ‘आय ॲम ॲनॉइड’ म्हणायचे असते. घाईत ‘आय ॲम ॲनॉइंग’ म्हटले, तर ऐकणारा ‘मी त्रासदायक माणूस आहे’ असा कबुलीजबाब समजतो. नोकरीच्या मुलाखतीत असा कबुलीजबाब कोणी देऊ नये.

येथे उर्दू उपयोगी पडते. ‘तंग करना’ आणि ‘तंग आना’ ही जोडी सिनेमामुळे लहान मुलांनाही पाठ असते. जो दुसऱ्याला तंग करतो तो ‘ॲनॉइंग’. जो तंग आला आहे तो ‘ॲनॉइड’. मराठीतही ‘बेजार करणे’ आणि ‘बेजार होणे’ अशी जोडी आहेच, आणि तो ‘बेजार’ही मूळचा फारसी. एवढे ध्यानात ठेवले की रूपांचा घोळ होत नाही. शब्दयोगाची गोष्टही सोपी आहे : माणसाविषयी चीड असेल तर ‘विथ’, घटनेविषयी असेल तर ‘ॲट’ किंवा ‘अबाउट’. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर खाते माणसाचे की मालाचे, हे आधी ठरवायचे आणि मग नोंद करायची.

आता उर्दू पर्याय पाहू. इंग्रजी-उर्दू कोशात ‘ॲनॉय’साठी एकच शब्द सापडत नाही, सात-आठ सापडतात. ते सारखे नाहीत. त्यांची मुळे पाहत गेलो, की चिडीची एक शिडीच समोर उभी राहते. ही शिडी कोणत्या कोशाने लावलेली नाही; मुळांतल्या अर्थांवरून मी ती अशी लावतो.

पहिली पायरी ‘नागवार’. फारसीत ‘गवारा’ म्हणजे पचण्याजोगे. नागवार म्हणजे जे पचत नाही ते. ‘उसकी बात मुझे नागवार गुजरी’ म्हणजे त्याचे बोलणे माझ्या पचनी पडले नाही. मराठीने शब्द उसना घेतला नाही, पण प्रतिमा तीच ठेवली. या पायरीवर अजून भांडण नाही. फक्त घास अडला आहे.

दुसरी पायरी ‘नाराज’. ‘राजी’ नसलेला तो नाराज. येथे चिडीपेक्षा संमतीचा प्रश्न आहे. लग्नाच्या याद्या करताना मामांना विचारले नाही, की मामा नाराज होतात. विचारले असते, तर त्यांनी त्याच यादीला मान डोलावली असती. व्यवहारात नाराजी दूर करणे बहुधा स्वस्त असते, कारण तिला पैशांपेक्षा विचारपूस हवी असते.

तिसरी पायरी ‘तंग’. फारसीत तंग म्हणजे अरुंद. ज्याला हलायला जागा उरली नाही तो तंग आला. पैशाची तंगी, तंग कपडा, तंग वातावरण हे आपले प्रयोग त्याच अर्थाचे. इंग्रजी ‘ॲनॉय’ साधारण येथे बसतो.

चौथी पायरी ‘परेशान’. मूळ अर्थ विखुरलेला, विस्कटलेला. उर्दू कवी विस्कटलेल्या केसांनाही परेशान म्हणतात. परेशान माणसाचे लक्ष एका जागी राहत नाही. एकाच वेळी तीन गिऱ्हाइके, दोन फोन आणि समोर जीएसटीचे विवरणपत्र असलेल्या दुकानदाराची जी अवस्था होते, ती हीच.

पाचवी पायरी ‘दिक’. हा शब्द विशेष पाहण्याजोगा आहे. अरबीत त्याचे मूळ बारीक, झिजलेले अशा अर्थाचे. ‘दिक्कत’ म्हणजे अडचण, ती याच मुळाची. मुळात दिक्कत म्हणजे बारकावा. क्षयरोगात माणूस झिजत जातो, म्हणून जुन्या हकिमांच्या भाषेत क्षयालाच ‘दिक’ म्हणत. ‘दिक करना’ म्हणजे दुसऱ्याला रोज थोडे थोडे झिजवणे. एका दिवसात काहीच दिसत नाही आणि वर्षाने माणूस अर्धा झालेला असतो.

सहावी पायरी ‘आजिज’. आजिज म्हणजे असमर्थ, ज्याचे काही चालत नाही असा. ‘मैं आजिज आ गया’ म्हणणारा माणूस रागावलेला दिसतो, परंतु त्याच्या रागाखाली हतबलता असते. मराठीत आपण ‘आजिजीने विनंती केली’ म्हणतो, तो हाच शब्द. म्हणजे उर्दूत ज्या शब्दाने चीड दाखवली जाते, त्याच्याच सोयऱ्याने मराठीत काकुळती दाखवली जाते. दोन्हींच्या तळाशी ‘आता माझ्या हातात काही नाही’ हीच स्थिती आहे.

सातवी पायरी ‘जिच’. हा बुद्धिबळाचा शब्द. राजाला शह नाही, पण कोणतीही चाल उरलेली नाही, अशी अवस्था म्हणजे जिच. उर्दूत ‘जिच करना’ म्हणजे एखाद्याला पार भंडावून सोडणे. मराठी वर्तमानपत्रांत हाच शब्द कोंडी या अर्थाने येतो. वाटाघाटींत जिच पडते.

वाचकहो, ही सातही नावे ‘ॲनॉय’च्या परिसरातली आहेत, पण त्यांतली एखादीच त्याच्या जागी नेमकी बसते. पहिल्या पायऱ्यांवर माणसाला जागा आहे, चाल आहे. शेवटच्या दोन पायऱ्यांवर ती संपली आहे. चीड मोजण्याचे माप मला येथे सापडते. समोरचा माणूस किती मोठ्याने बोलतो, याने ती मोजू नये. त्याच्याकडे किती चाली उरल्या आहेत, याने मोजावी.

काही शब्द मात्र फसवे आहेत आणि उर्दू-मराठी दोन्ही बोलणाऱ्या बाजारात ते जपून वापरावेत. ‘हैरान’ म्हणजे उर्दूत मुख्यतः थक्क, चकित. मराठीत ‘हैराण’ म्हणजे त्रासलेला. तुमचा माल पाहून हैदराबादचा व्यापारी ‘मैं तो हैरान रह गया’ म्हणाला, तर ती तक्रार समजू नये. बहुधा ती तारीफ असते. ‘राजीनामा’ मराठीत पद सोडण्याचा कागद, तर उर्दूत तडजोडीचा, संमतीचा कागद. पद सोडण्याला ते ‘इस्तीफा’ म्हणतात. आणि आपला ‘तगादा’ उर्दूत ‘तकाजा’ होतो, त्याचा अर्थ मागणी. ‘उम्र का तकाजा’ म्हणजे वयाची मागणी. तेथे कोणी वसुलीला आलेले नसते, फक्त गुडघे आलेले असतात.

येथवरचा विचार भाषेच्या हौसेचा वाटेल. पण शब्दाचे माप चुकले, तर माणसे तुरुंगात जाऊ शकतात, हे आपल्या राज्यात घडलेले आहे.

२००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ‘६६अ’ हे कलम घालण्यात आले. संगणकावरून किंवा फोनवरून पाठवलेल्या ज्या मजकुरासाठी शिक्षा सांगितली होती, त्यात ‘ॲनॉयन्स’ म्हणजे चीड आणि ‘इनकन्व्हीनियन्स’ म्हणजे गैरसोय करण्याच्या हेतूने पाठवलेला मजकूरही होता. त्याच यादीत धोका, इजा, धमकी, वैर हेही शब्द होते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ‘थोडासा राग आणणे’ आणि ‘धमकी देणे’ ही दोन वजने एकाच पारड्यात आणि दोहोंना एकच दर! नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला, दुसरीने त्याला पसंती दर्शवली आणि दोघींना अटक झाली. पुढे त्यांच्यावरील कारवाई मागे पडली, परंतु देशभर प्रश्न उभा राहिला. श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांच्या खंडपीठाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. निकालातला एक मुद्दा आपल्या विषयाचा गाभाच आहे : एकाला ज्याची चीड येते त्याची दुसऱ्याला येईलच असे नाही, ज्या शब्दाला सीमा नाही, त्यावर शिक्षा उभी करता येत नाही.

म्हणून ‘ॲनॉयन्स’ हा शब्द कायद्यातून हद्दपार झाला, असे नाही. सार्वजनिक जागी अश्लील कृत्य करून इतरांना उपद्रव देण्याविषयीचे जुन्या दंड संहितेतले कलम २९४ आता भारतीय न्याय संहितेत कलम २९६ म्हणून आहे आणि त्यात तो शब्द कायम आहे. फरक असा, की तेथे त्याच्या शेजारी एक निश्चित कृत्य उभे आहे. नुसती ‘मला चीड आली’ एवढी तक्रार पुरत नाही. काय केले, कोठे केले, हे सांगावे लागते. वहीतल्या नोंदीला पावतीचा आधार लागतो, तसेच हे.

आता उलट्या बाजूचे उदाहरण. तेथे शब्द वजनाने जास्त नव्हता, कमी होता. ‘टीज’ हे क्रियापद आपल्या कापसाच्या जिल्ह्यात तर आवर्जून शिकण्याजोगे आहे, कारण त्याचा मूळ अर्थ लोकरीचे धागे ओढून मोकळे करणे, पिंजणे असा आहे. पिंजाऱ्याच्या तातीखाली कापूस जसा उडतो, तसे माणसाला शब्दांनी पिंजणे म्हणजे ‘टीज’ करणे. उर्दूत याला ‘छेडना’ म्हणतात. सतारीची तार छेडतात, तोच शब्द. मराठीत आपण ‘चिडवणे’, ‘खोडी काढणे’ म्हणतो. मेव्हण्याने मेव्हण्याला लग्नघरी छेडले, तर त्यात गोडवाच असतो.

पण रस्त्यात, बसमध्ये, महाविद्यालयाच्या फाटकाशी मुलींना जे सोसावे लागते, त्यालाही आपल्याकडच्या इंग्रजीत ‘इव्ह-टीजिंग’ आणि मराठीत ‘छेडछाड’ म्हटले गेले. मेव्हण्याच्या थट्टेचा शब्द गुन्ह्याला चिकटवला, की गुन्हाच थट्टेसारखा दिसू लागतो. ३० नोव्हेंबर २०१२ रोजी एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराला आळा घालण्यासाठी राज्यांना निर्देश दिले, तेव्हा हा शब्द म्हणजे मूळ गोष्टीचे सौम्य नाव आहे, हेही नमूद केले. घरातली मुलगी ‘ती मुले मला टीज करतात’ म्हणाली, की कामात असलेल्या वडिलांच्या तोंडून ‘दुर्लक्ष कर’ हे उत्तर पटकन निघते. तेथे थांबून विचारावे : चिडवतात, की सतावतात, की वाट अडवतात? ‘सताना’ आणि आपले ‘सतावणे’ यांच्या मुळाशी ‘संताप’ आहे, म्हणजे होरपळणे. तिने शाळेतला इंग्रजी शब्द वापरला तो सोपा म्हणून. तिचे होरपळणे त्यात मावलेले नसते. ‘तंग’ आणि ‘जिच’ यांतला फरक ओळखण्याची जबाबदारी अशा वेळी ऐकणाऱ्यावर असते.

तिसरे उदाहरण आपल्या व्यवहाराचे आणि माझ्या पूर्वायुष्याच्या धंद्याचे आहे. दिलेले पैसे मागणे हा हक्क आहे. वसुलीचा तगादा लावल्याशिवाय बँक चालत नाही आणि दुकानही चालत नाही. तगाद्याने कर्जदाराला चीड येणार, हे गृहीतच असते. तेवढ्या ‘ॲनॉयन्स’ला कोणताही नियम हरकत घेत नाही. हरकत पुढच्या शब्दाला आहे : ‘हॅरस’. हे क्रियापदही फ्रेंचमधून आलेले आणि त्याचा जुना अर्थ थकवून टाकणे, दमवणे असा. आपल्या शिडीवर ते ‘दिक’ आणि ‘आजिज’ या पायऱ्यांवर बसते.

रिझर्व्ह बँकेने वसुली प्रतिनिधींविषयी २४ एप्रिल २००८ रोजी बँकांना मार्गदर्शक सूचना दिल्या आणि १२ ऑगस्ट २०२२ रोजी त्या अधिक स्पष्ट केल्या. कर्जदाराला धमकावू नये, शब्दाने वा कृतीने छळू नये; चारचौघांत त्याचा पाणउतारा करू नये; त्याच्या घरच्यांच्या किंवा मित्रांच्या खासगीपणात घुसू नये; थकीत कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी सातनंतर फोन करू नये. या सूचना वाचताना ध्यानात येते, की तगादा आणि छळ यांची सीमा येथे रागावर ठरवलेली नाही. वेळ, जागा आणि साक्षीदार यांवर ती ठरवली आहे. दुपारी बारा वाजता कर्जदाराला केलेला फोन हा तगादा. रात्री दहाला त्याच्या सासऱ्यांना केलेला फोन हा छळ. रक्कम तीच, शब्दही कदाचित तेच.

या सूचना बँका आणि वित्तसंस्थांसाठी आहेत. खासगी उधारी-उसनवारीला त्या थेट लागू होत नाहीत. पण माप म्हणून त्या दुकानालाही उपयोगी आहेत. आपला जिल्हा कोरडवाहू कापसाचा. पाऊस गेला, बोंडअळी आली, की देणेकरी स्वतःच सहाव्या पायरीवर, ‘आजिज’ अवस्थेत पोहोचलेला असतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे यवतमाळचे नाव देशभर ज्या कारणाने ऐकू आले, ते आपणा कोणालाच अभिमानाचे नाही. अशा माणसापुढे वही उघडताना त्याच्याकडे अजून किती चाली उरल्या आहेत, हे पाहणे ही दया तर आहेच, शहाणपणही आहे. ज्याला एक तरी चाल उरली आहे, तोच पुढल्या हंगामात पैसे आणून देतो. जिच झालेल्या राजाकडून काही वसूल होत नाही. बुद्धिबळाच्या नियमाप्रमाणे तो डाव कोणीच जिंकत नाही.

आपल्या परंपरेला हे मोजमाप नवे नाही, म्हणून त्याचा केवळ उल्लेख करतो. क्रोध या कषायाच्या चार प्रती सांगताना शास्त्रकारांनी चार रेषांचे दृष्टांत दिले आहेत : दगडावरची रेषा, भुईवरची, वाळूतली आणि पाण्यावरची. राग एकच, पण टिकण्याची मुदत निराळी. ‘ॲनॉय’ हा शब्द पाण्यावरच्या रेषेचा आहे. तो वापरून झाल्यावर रेषा मिटली पाहिजे. मिटत नसेल, तर आपण दुसऱ्याच शब्दाच्या हद्दीत आलो आहोत, असे समजावे.

आता थोडे गृहकार्य. घरात इंग्रजी शिकणारी मुले असतील, तर एका कागदावर ‘टीज’, ‘ॲनॉय’, ‘हॅरस’ हे तीन शब्द लिहावेत. प्रत्येकाखाली उर्दू सोयरा लिहावा : छेडना, तंग करना, दिक करना. त्याखाली मराठी : चिडवणे, वैताग आणणे, छळणे. मग मुलांकडून प्रत्येकाचे एकेक वाक्य करून घ्यावे, पण अट अशी, की वाक्य खऱ्या दिवसातले हवे. भावाने पट्टी लपवली, ते कोणत्या रकान्यात? वर्गातला मुलगा रोज डबा हिसकावतो, ते कोणत्या? समाजमाध्यमाच्या गटात एकाच मुलीच्या रंगावरून महिनाभर विनोद चालू आहेत, ते कोणत्या? पहिल्या दोन रकान्यांतली वाक्ये हसत-खेळत होतील. तिसऱ्या रकान्यात कोणी खरे वाक्य लिहिले, तर मात्र कागद बाजूला ठेवून त्या मुलाशी बोलावे. शब्दपाठ नंतरही होईल.

वडीलधाऱ्यांनीही हा कागद करून पाहायला हरकत नाही. आपल्या दैनंदिन बोलण्यात चिडचिड, कटकट, किरकिर, कुरकुर, भुणभुण असे दुहेरी शब्द किती येतात, हे मोजावे. मराठीने या शब्दांची रचनाच पुनरुक्तीची केली आहे, कारण त्रास एकदा होऊन थांबत नाही, तो परत परत होतो. दर वेळी ‘फार त्रास आहे’ असे म्हणण्याऐवजी नेमके काय, हे सांगता आले, तर ऐकणाऱ्यालाही उपाय सुचतो. कटकट असेल तर ती बंद करता येते; नाराजी असेल तर विचारपूस करता येते; आणि कोणी आजिज आलेला असेल, तर त्याच्या शेजारी बसावे लागते.

पुढील अंकी ‘हिशेब’ आणि ‘जबाब’ या दोन शब्दांचा प्रवास पाहू. तोवर सर्वांना क्षेमकुशल चिंतितो.